पायवाट आणि पोढी

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, असे पत्र आले तेव्हा पहिल्यांदा वाटले की, शाळेने आपल्याला काय दिले हे सांगणारे लेख माझे सहाध्यायी लिहितीलच. कुणी अभ्यासिकेतल्या कंदिलांविषयी लिहील, कुणी पहाटेच्या वंदनेविषयी, कुणी भात आणि पातळ आमटीच्या त्या जेवणाविषयी, ज्याला आज आपण सर्वजण उगाचच रुचकर म्हणतो. ते सारे खरेच आहे. परंतु शाळेने मला आणखी एक गोष्ट दिली आणि ती कोणत्याही वार्षिक अहवालात नोंदलेली नसणार. काहीही काम नसताना चालायला शाळेने मला शिकवले. गेली तीस वर्षे मी सह्याद्रीत हिंडते आहे, डोंगरावर तंबू ठोकून राहते आहे, आणि अलीकडे धरणाच्या पाण्यावर वल्हे मारू लागले आहे. या छंदाचे मूळ शोधू गेले की मी भाज्याच्या वाटेवर येऊन थांबते.

‘काहीही काम नसताना’ हे शब्द मी मुद्दाम वापरले आहेत. आमच्या घरात चालणे हे कामच होते. आमचे गाव पवन मावळात, डोंगराच्या कुशीत. वडील खडीच्या खाणीवर जात. आई पावसाळ्यात परक्याच्या खाचरात भातलावणी करी आणि दिवाळीनंतर लाकूडफाटा गोळा करून त्याची मोळी कामशेतच्या बाजारी विकी. पहाटे डोंगर चढायचा, वाळलेले लाकूड तोडायचे, दुपारपर्यंत मोळी बांधून खाली आणायची आणि दुसऱ्या दिवशी ती डोक्यावर घेऊन बाजार गाठायचा. डोक्यावरची चुंबळ जुन्या लुगड्याची असे. मोळीचे वजन पंचवीस किलोंच्या खाली क्वचितच असेल. घराचे कुड कारवीचे, तेव्हा दर दोन-तीन वर्षांनी कारवी तोडायलाही डोंगरावर जावे लागे. डोंगर म्हणजे आमचे कोठार होते. त्याला कुणी सुंदर म्हटल्याचे मी लहानपणी ऐकलेले नाही.

1981 साली मी पाचवीत या वसतिगृहात आले. त्याच हिवाळ्यात आमची भाज्याच्या लेण्यांची पायी सहल निघाली. जुन्या विद्यार्थ्यांना त्या सहली आठवत असतील. जाऊन-येऊन सोळा-सतरा किलोमीटरची चाल, बहुतेकांच्या पायांत रबरी स्लिपर आणि फडक्यात बांधलेली भाकरी व लसणाची चटणी. तेव्हा द्रुतगती महामार्ग नव्हता. मळवली स्थानकाजवळ रूळ ओलांडले की भाताची कापलेली खाचरे लागत आणि त्यांच्या बांधांवरून एका ओळीत आम्ही साठ-सत्तर मुलेमुली चालत असू. समोर विसापूरचा लांबलचक कडा आणि त्याच्या पोटाशी, झाडीच्या वर, चैत्यगृहाची ती मोठी कमान दिसे. जसजसे जवळ जावे तसतशी ती कमान झाडांमागे दडे आणि अखेरच्या पायऱ्या चढून गेल्यावर एकदम डोक्यावर येऊन उभी राही.

आमच्या इतिहासाच्या बाईंना लेण्यांचे वेड होते. आत ओळीने किंचित कललेले खांब होते, आणि छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी फासळ्या. त्यांकडे बोट दाखवून बाई म्हणाल्या, “आधी माणसे लाकडाची घरे बांधत होती. दगडात कोरतानाही त्यांना लाकूडच आठवत होते.” मला हे लगेच समजले, कारण आमच्या घराच्या छपराला आतून असेच वासे होते. मग त्या आम्हाला बाहेर, कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांकडे घेऊन गेल्या. एका टाक्याजवळ ब्राह्मी अक्षरे आहेत. कौशिकीपुत्र विष्णुदत्त नावाच्या महारठीने ती ‘पोढी’, म्हणजे पाण्याचे टाके, दान दिल्याची ती नोंद. बाईंनी हवेत बोट फिरवून एकेक अक्षर काढून दाखवले. ‘पोढी’ या शब्दावर वर्ग हसला. कुणीतरी पाणी पिण्यासाठी टाके खोदून देते आणि ते दिले म्हणून दगडावर लिहून ठेवते, ही गोष्ट मात्र माझ्या डोक्यात काही केल्या बसेना.

परतीच्या आधी मी बाईंना विचारले, “बाई, आपण इथे कशाला आलो होतो?” प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. इतके चालून आल्यावर येथून काहीतरी न्यायचे असणार, असे मला खरोखरच वाटत होते. बाई थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “आज काही काम नाही. आज नुसते पाहायचे, आणि दमले की बसायचे.” मी बसले. समोर इंद्रायणीचे खोरे होते, पलीकडे कार्ल्याचा डोंगर. रिकाम्या हातांनी डोंगरावर बसण्याची ती माझ्या आयुष्यातली पहिली वेळ होती.

सुट्टीत घरी गेल्यावर मी हे सगळे आईला सांगितले. तिने चुलीत लाकूड सारत एवढेच विचारले, “तिथं काय काम काढलं व्हतं?” मला उत्तर देता आले नाही.

दुसऱ्या वर्षीच्या सहलीला आमच्याबरोबर एक भंतेजी होते. वयाने वृद्ध, पण चालण्यात आम्हा मुलांना मागे टाकणारे. त्यांच्याकडून मी प्रथम ऐकले की भगवान बुद्ध पंचेचाळीस वर्षे गावोगाव पायी हिंडले, आणि भिक्खूंनी सतत चालत राहावे, एका जागी रुतू नये, अशी त्यांची शिकवण होती. मात्र पावसाळ्याचे तीन महिने चारिका बंद. कुणीतरी विचारले, “भंते, पावसात चाललं तर काय होतं?” ते म्हणाले, त्या काळच्या लोकांनी तक्रार केली होती की हे भिक्खू भर पावसात हिंडतात, कोवळे गवत तुडवतात, पायांखाली बारीक जीव मरतात. पक्षीसुद्धा पावसाळ्यात घरटे करून राहतात, मग यांना काय झाले? ती तक्रार बुद्धांनी मान्य केली आणि वर्षावासाचा नियम झाला. घाटवाटांच्या बाजूने कोरलेल्या या लेण्यांचा एक उपयोग तोच होता. विनयपिटकातली ही कथा मी पुढे स्वतः वाचली, तेव्हा त्यांच्या सांगण्यात पदरचे काही नव्हते हे कळले. चालणाऱ्या माणसाने गवताचाही विचार करायचा असतो, हे मला त्या वेळी गमतीचे वाटले होते. ते का सांगितले जाते हे समजायला पुढे एक अपघात व्हावा लागला.

1994 साली मी पुण्यात नोकरीला लागले. कार्यालयातल्या एका सहकारी बाईंनी राजमाचीच्या रात्रीच्या पदभ्रमणाचे पत्रक दाखवले. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे सुमारे पंधरा किलोमीटर, मे महिन्याचा शेवट, काजव्यांचे दिवस. मी घरी जाऊन आल्यावर निघणार होते, म्हणून आईला सांगितले. ती म्हणाली, “रातच्याला डोंगरात? कुणाची गाय चुकली काय?” वडील हसले. मीही हसले आणि निघाले.

त्या रात्रीविषयी मी खरे तेच लिहिते. मला अतिशय आनंद झाला. वाट बैलगाडीची, रुंद, अंधार दाट. एका वळणावर पुढच्या माणसाने विजेरी बंद करायला सांगितली आणि क्षणभराने समोरचे सगळे झाड एकाच वेळी उजळले, विझले, पुन्हा उजळले. हजारो काजवे एका ठेक्यात लुकलुकत होते. काजवे मी लहानपणी पाहिलेले होते; पण तेव्हा ते पाऊस जवळ आल्याची, छपरावर गवत घालायची घाई करण्याची खूण होते. त्या रात्री मला कोणतेही छप्पर शाकारायचे नव्हते. पहाटे उधेवाडीत पोचलो, श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या मधल्या सपाटीवर तंबू उभारले. तंबू कसा ठोकावा याचे पहिले धडे मी तेथे घेतले. कोरड्या ओहोळात कधीही नाही, कारण पाऊस वर कोठेतरी पडतो आणि पाणी झोपेत येते. दार वाऱ्याकडे नाही. उतार असेल तर डोके वरच्या बाजूला. अंगाखालचा एक खडा रात्री दोन वाजता धोंड्याएवढा होतो, म्हणून आधी हाताने जमीन चाचपायची. सकाळी गावातल्या एका घरी पिठले-भाकरी मिळाली. त्यानंतर आम्ही कोंढाण्याच्या लेण्यांवरून कर्जतकडे उतरलो. लोहगड-विसापूर, तिकोना, तुंग, हरिश्चंद्रगड, रतनगड, नाणेघाट ही नावे पुढच्या पाच-सहा वर्षांत माझ्या वहीत एकामागून एक येत गेली.

पण राजमाचीच्या त्या सकाळी आणखी एक गोष्ट घडली होती, आणि ती मी आजवर कुठे लिहिलेली नाही. आम्ही अंगणात बसून चहा पीत असताना खालच्या रानातून एक बाई मोळी घेऊन वर आली. वयाने माझ्या आईएवढी. चुंबळ तशीच, मानेची ठेवणही तशीच. ओझे डोक्यावर असले की नजर खाली न जाता थेट समोर ठेवावी लागते, ती नजरही तशीच. आमच्यातल्या एकाने लगबगीने कॅमेरा काढला. दुसरा म्हणाला, “काय साधे, निरोगी आयुष्य आहे या लोकांचे!” मग कुणीतरी माझ्याकडे वळून विचारले, “तुमचे गाव कुठले? आडनाव काय म्हणालात?” मी गावाचे नाव सांगितले आणि आडनाव सांगताना आवाज किंचित खाली घेतला. माझी आई हेच काम करते, हे मी सांगितले नाही. सांगितले असते तर काय झाले असते? बहुधा काहीच नाही. ती मंडळी वाईट नव्हती, आणि त्यांतली दोघे आजही माझे जिवलग मित्र आहेत. तरीही मी गप्प राहिले आणि ती बाई अंगणातून निघून गेली. आपल्या शाळेने ताठ मानेने बोलायला शिकवलेली मी एक मुलगी, त्या दिवशी चहाच्या कपात पाहत राहिले.

त्यानंतर बराच काळ सॅक पाठीवर चढवताना मनात हिशेब होई. माझ्या सॅकचे वजन अकरा किलो, आईच्या मोळीचे त्याच्या दुपटीहून अधिक. माझ्या पायांत जाड तळव्याचे ‘अ‍ॅक्शन’चे बूट, तिच्या पायांत झिजलेली चप्पल, कित्येकदा तीही नाही. मी दमले की थांबते आणि खजूर खाते. ती दमली तरी ओझे उतरवू शकत नसे, कारण उतरवलेली मोळी पुन्हा डोक्यावर चढवून द्यायला दुसरे माणूस लागते. मग आम्ही दोघी एकाच डोंगरावर चढतो असे म्हणता येईल का? या प्रश्नापायी मी एकदा दोन वर्षे डोंगरात जाणे सोडले होते. परंतु न जाण्याने आईचे ओझे पूर्वलक्षी हलके होत नव्हते, एवढेच त्या दोन वर्षांत कळले. तोवर घरी गॅस आला होता आणि आईने मोळी विकणेही थांबवले होते.

आता तो अपघात. मी काही मैत्रिणींना घेऊन जुलै महिन्यात विसापूरला गेले होते. तोवर मी स्वतःला वाटाड्या समजू लागले होते. उतरताना पाऊस वाढला, आणि सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा दुपारी गुडघ्याच्या वर आला. स्थानिक गुराख्याने लांबच्या वाटेने जायला सुचवले. “काही होत नाही, हात धरा,” असे मी म्हणाले. तिसऱ्या मैत्रिणीचा पाय निसटला. ती पंधरा-वीस फूट वाहत गेली आणि एका मोठ्या दगडाला अडकली म्हणून वाचली. मनगट मोडले, डोक्याला खोक पडली. तिला खाली आणेपर्यंत अंधार झाला. चूक पूर्णपणे माझी होती. गुडघ्यापर्यंत आलेले वाहते पाणी उभ्या माणसाला सहज पाडते. पाणी गढूळ असेल तर तळाचे दगडही दिसत नाहीत. हे मला ठाऊक होते, तरी मी थांबले नाही. त्या रात्री भंतेजींचा वर्षावास आठवला. तो नियम गवतासाठी आणि किड्यामुंग्यांसाठी होता हे खरे, पण पावसाळ्यात डोंगराचे राज्य आपले नसते एवढे तरी तो नियम मान्य करतो. हल्ली पहिला पाऊस पडला की लोणावळ्याच्या रस्त्यावर वाहनांची रांग लागते. 2024 च्या जूनअखेर भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पाणी अचानक वाढून एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ती चित्रफीत मी एकदाच पाहिली आणि पुन्हा पाहू शकले नाही. मी पावसाळ्यात आजही चालते, पण ओढे नसलेल्या, माहितीच्या वाटांवर. आणि गुराखी जे सांगतो ते ऐकते.

अपघाताने आणखी एक गोष्ट उघड केली. मैत्रीण वाहत होती तेव्हा मी काठावर उभी राहून ओरडत होते, कारण मला पोहता येत नव्हते. आमच्या गावातल्या मुलांनी पोहणे विहिरीत शिकायचे. गावची विहीर आमच्यासाठी नव्हती, आणि मुलगी म्हणून तर प्रश्नच नव्हता. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी मी महापालिकेच्या तलावात, महिलांच्या दुपारच्या वर्गात, लाकडी फळी धरून पाय मारायला शिकले. पहिला आठवडाभर मी पाण्यात तोंड घातले नाही. पोहायला येऊ लागल्यानंतर चार वर्षांनी माझ्या मुलीने मला पवना धरणाच्या जलाशयावर नेले आणि कयाकमध्ये बसवले.

कयाक म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, अरुंद होडी. वल्ह्याला दोन्हीकडे पाती. बसल्यावर पाणी मांडीच्या बरोबरीने दिसते. शिकवणारा मुलगा स्थानिक होता. तो काठावरून ओरडत होता, “मावशी, हातानं नाय, कमरेतून वल्हवा! हात लगेच दमतात.” खरेच, हाताने ओढले की दहा मिनिटांत खांदे भरून येतात, धड वळवून पाते पावलाजवळ बुडवावे आणि कमरेशी बाहेर काढावे, म्हणजे होडी सरळ धावते. उलटल्यावर परत चढायचे कसे हे त्याने आधी शिकवले, मगच आत जाऊ दिले. होडी सुलटी करायची, दोन्ही हातांनी कडा धरायच्या, पाय जोरात मारत पोटावर आडवे चढायचे आणि मग वळून बसायचे. मी तीनदा पडले. चौथ्या वेळी चढले, तेव्हा मुलीने टाळ्या वाजवल्या आणि मला विनाकारण रडू आले. लाइफ जॅकेटचे बंद घट्ट असतील तर माणूस बुडत नाही, ही गोष्ट बुद्धीला माहीत असते. शरीराला ती पडल्यावरच कळते.

सकाळचे पाणी काचेसारखे असते. दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो आणि होडीचे तोंड पुन्हा पुन्हा काठाकडे वळवतो, म्हणून दहाच्या आत परतायचे असते. जलाशयाच्या मध्यावर वल्हे मांडीवर आडवे ठेवून मी थांबले. एका बाजूला तिकोना, दुसऱ्या बाजूला तुंगचा सुळका, उत्तरेला लोहगड आणि त्याची विंचूकाट्याची लांब सोंड. हे सारे किल्ले मी चढलेली होते, पण इतक्या खालून, त्यांच्या पायाशी तरंगत, कधी पाहिले नव्हते. तो मुलगा बाजूला येऊन सहज म्हणाला, “मावशी, आमच्या आजोबांचं घर आत्ता आपल्या खालीच असंल.” धरणात बुडालेल्या गावांतले ते कुटुंब. पुनर्वसनाच्या जमिनीसाठी त्यांच्यासारखे कितीतरी लोक अजूनही खेटे घालत आहेत. एप्रिल-मेमध्ये पाणी उतरले की जुन्या बांधांचे दगड उघडे पडतात, असे त्याने सांगितले. त्याच काठावर आता तंबूंच्या रांगा असतात आणि शनिवारी रात्री मोठमोठे कर्णे लावून गाणी वाजतात. तंबूत राहण्याची ज्यांना आवड आहे त्यांनी हे का सोसावे, मला समजत नाही. पण त्या मुलाच्या घरची चूल त्या तंबूंवरच चालते, म्हणून मी फार बोलत नाही.

घरी आल्यावर आईला सांगितले. ती आता पुण्यात माझ्याजवळच राहते. ती म्हणाली, “पवनेवर व्हडी? आम्ही तर ती उन्हाळ्यात लुगडं खोचून वलांडायचो.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “भ्या नाय वाटलं?” माझ्या हिंडण्याविषयी तिने विचारलेला हा पहिला प्रश्न, ज्यात कामाची चौकशी नव्हती.

त्या दिवसापासून ती मला डोंगरांविषयी विचारू लागली आणि स्वतःही बोलू लागली. एका संध्याकाळी मी बेडशाच्या लेण्यांचे छायाचित्र तिला दाखवले. चैत्यगृहासमोरचे उंच खांब आणि त्यांच्या माथ्यावरचे हत्ती-घोडे पाहून ती म्हणाली, “ही तर टाक्याची जागा.” मला कळेना. तिने छायाचित्राच्या कडेला बोट ठेवले. लाकडाला जाताना ती आणि वस्तीतल्या बायका डोंगराच्या आमच्या बाजूने चढून, धार ओलांडून तेथे उतरत. आमच्या वस्तीचे पाणी म्हणजे ओढ्याकाठचा एक झरा. तो फाल्गुनात आटे. त्यानंतर गावच्या विहिरीवर जाऊन बाजूला उभे राहायचे आणि कुणी वरून घातले तर घ्यायचे. “त्या टाक्यावर कुणी आडवीत नव्हतं,” आई म्हणाली. “हातानं घ्यायचं, पोटभर प्यायचं. गार पाणी. मग मोळी बांधायची.”

अशा टाक्यांचे पाणी गार का राहते, हे मला अनेक पदभ्रमणांनी शिकवले होते. टाके कातळाच्या घट्ट थरात कोरलेले असते, तोंड लहान आणि पोट आत खोल असते. पाण्याला ऊन लागत नाही. वरच्या कातळावर खोदलेल्या पन्हळींतून पावसाचे पाणी त्यात उतरते. बेडशाच्या एका टाक्यावर लेख आहे, हेही मला वाचून माहीत होते. ते दान एका बाईचे आहे. महाभोजाची लेक, महारठिनी, नाव सामडिनिका. मी आईला ते नाव सांगितले. तिने ते दोनदा चुकीचे म्हणून पाहिले आणि तिसऱ्यांदा बरोबर म्हटले. मग म्हणाली, “तिला काय ठावं, कोण पिणार ते.”

2019 च्या जानेवारीत मी तिला बेडशाला घेऊन गेले. पायथ्यापासून सुमारे चारशे पायऱ्या आहेत. तिचे गुडघे दुखतात. आम्ही दर वीस-पंचवीस पायऱ्यांवर बसत गेलो आणि दीड तासाने वर पोचलो. लेणी पूर्वाभिमुख, तेव्हा सकाळचे ऊन थेट आत आले होते. चैत्यगृहात तिने हात जोडले, खांबांना स्पर्श केला. मग ती टाक्यापाशी गेली. पाण्यावर शेवाळ होते आणि कडेला दोन प्लॅस्टिकच्या बाटल्या तरंगत होत्या. मी काठीने त्या ओढून काढल्या आणि सॅकमध्ये टाकल्या. ते पाणी पिण्याजोगे उरले नव्हते. ती काठावर बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही. हात मात्र तिने पाण्यात घातला.

“तव्हा ह्या पायऱ्या नव्हत्या,” ती म्हणाली. “आम्ही असं नाय यायचो.” आणि काठी उचलून तिने लेण्यांच्या डाव्या अंगाला, वरच्या कारवीच्या रानाकडे दाखवले. “तिथनं. एक जांभळ व्हती, तिच्या बुडातनं वाट उतरायची.”

पुढच्या रविवारी मी एकटीच गेले, आमच्या गावाच्या बाजूने. वस्तीच्या मागची ढोरवाट पहिल्या सपाटीपर्यंत स्पष्ट आहे. त्यापुढे गुरे कमी झाली आहेत, लाकडाला कुणी जात नाही, म्हणून कारवी डोक्याच्या वर वाढली आहे आणि वाट तिच्यात शिरून नाहीशी होते. मी कोयत्याने थोडी फांदी तोडली, मग थांबले; ती वाट माझ्यासाठी मोकळी करण्याचा हक्क मला आहे की नाही, ठरवता येईना. चाळीस मिनिटे अंदाजाने चालल्यावर धारेखाली एक चपटा दगड लागला. त्याची उंची बरोबर कमरेएवढी आणि माथा घासून गुळगुळीत झालेला. मोळी टेकवायचा दगड. कुणाच्याही मदतीशिवाय ओझे उतरवून पुन्हा डोक्यावर घेता यावे, इतक्याच उंचीचा. आईने त्याच्याविषयी कधी सांगितले नव्हते. घरी येऊन विचारले, तेव्हा म्हणाली, “व्हय, हाय की. तिथनं खाली डाव्या हाताला जायचं, उजव्या न्हाय.”

मी उजव्या हाताला गेले होते. जांभळीचे झाड मला अजून सापडलेले नाही. पाऊस संपून कारवी थोडी वाळली की पुन्हा जाणार आहे.